‘इनहॅबिट’ : एका क्रियापदाची वहिवाट
(नभोवाणीवरील भाषण)

इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला काही चुका दरवर्षी नेमाने भेटतात. मुले बदलतात, पाठ्यपुस्तके बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. त्यांपैकी एका चुकीविषयी आज बोलावयाचे आहे. ‘त्या दरीत आदिवासी लोक राहतात’ हे वाक्य इंग्रजीत करावयास सांगितले, की चांगला अभ्यासू विद्यार्थी ‘लिव्ह’ हे साधे क्रियापद बाजूला सारून ‘इनहॅबिट’ हे भारदस्त क्रियापद निवडतो आणि त्याच्यापुढे इमानेइतबारे ‘इन’ हे शब्दयोगी अव्यय जोडून देतो. शिक्षक तांबड्या शाईने ते ‘इन’ खोडतो, अर्धा गुण कापतो आणि पुढच्या वहीकडे वळतो.

परंतु हे ‘इन’ का खोडावयाचे, असे एखाद्या मुलाने विचारले तर केवळ ‘तसा नियम आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. या एका खोडलेल्या अव्ययाच्या मागे बराच मोठा अर्थ दडलेला आहे. व्याकरणाच्या वर्गाबाहेर, न्यायालयांत आणि राज्यकर्त्यांच्या दप्तरांत, या क्रियापदावरून माणसांच्या घरादारांचे निवाडे झाले आहेत. म्हणून हा विषय केवळ परीक्षार्थींचा नाही, असे मला वाटते.

प्रथम व्याकरण पाहू. मराठीत आपण ‘बेळगावात राहतो’, ‘बडोद्यास राहतो’, ‘इंदुरात राहतो’ असे म्हणतो. स्थळ अधिकरण असते. ते विभक्तीचा प्रत्यय घेऊन क्रियापदापासून जरा अंतरावर उभे राहते. इंग्रजी ‘लिव्ह’चीही तीच तऱ्हा. तेथे माणूस आणि गाव यांच्यामध्ये ‘इन’ किंवा ‘ॲट’ हे अव्यय उंबरठ्यासारखे आडवे असते. ‘इनहॅबिट’ला मात्र उंबरठा नाही. ते सकर्मक क्रियापद आहे आणि स्थळ हेच त्याचे कर्म. आपण भाकरी खातो, शेत नांगरतो, त्याप्रमाणे इंग्रजीत माणसे दरी ‘इनहॅबिट’ करतात. ‘आत’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच आहे; तो पुन्हा बाहेर लिहिणे ही द्विरुक्ती होय.

ज्या श्रोत्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना हे अगदी अपरिचित वाटणार नाही. ‘वस्’ म्हणजे राहणे. नुसता धातू असेल तर गाव सप्तमीत येतो, ‘ग्रामे वसति’. परंतु त्याच धातूला अधि, उप, अनु किंवा आ यांपैकी एखादा उपसर्ग लागला, की अधिकरणाचे कर्म होते आणि ‘ग्रामम् अधिवसति’ असे म्हणावे लागते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या पादातील ४८ व्या सूत्रात हा नियम सांगून ठेवला आहे. लॅटिनमध्ये आणि तेथून इंग्रजीत ‘इन’ या उपसर्गाने जे घडविले, तेच आपल्याकडे ‘अधि’ने घडविले. आपल्या मुलांना सरकारी कचेरीतून जो ‘अधिवासाचा दाखला’ आणावा लागतो, त्यातला ‘अधिवास’ हा याच उपसर्गाचा आणि याच धातूचा. ज्या विद्यार्थ्याला ‘अधिवास’ कळला, त्याने ‘इनहॅबिट’पुढे ‘इन’ लिहिण्याचे कारण नाही.

आता शब्दाच्या कुळाकडे वळू. लॅटिन भाषेत ‘हाबेरे’ म्हणजे धरणे, जवळ बाळगणे. त्यापासून ‘हाबितारे’ हे पौनःपुन्यदर्शक क्रियापद झाले. पुनःपुन्हा धरणे, धरून राहणे, आणि म्हणून वस्ती करणे असा त्याच्या अर्थाचा प्रवास आहे. त्याला ‘इन’ लागून ‘इनहाबितारे’ झाले, ते जुन्या फ्रेंच भाषेतून चौदाव्या शतकात इंग्रजीत आले. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी घर नाही, भिंती नाहीत, छप्परही नाही. एखादी जागा सोडली तरी पुन्हा पुन्हा धरणे ही क्रिया आहे.

या कुळातली भावंडे पाहिली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘हॅबिट’ म्हणजे सवय. तीही आपण पुनःपुन्हा धरलेली गोष्टच. आमच्याकडील कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर जो झगा परिधान करतात त्यालाही ‘हॅबिट’ म्हणतात, कारण नित्याचा वेश हा जुना अर्थ तेथे टिकून राहिला. ‘हॅबिटॅट’ हा शब्द तर मुळात पुरते वाक्यच होता. युरोपातील निसर्गशास्त्रज्ञ वनस्पतींची आणि प्राण्यांची वर्णने लॅटिनमध्ये लिहीत. त्यांत जीव कोठे आढळतो हे सांगताना ‘हॅबिटॅट’, म्हणजे ‘तो अमुक ठिकाणी वसतो’, असा आरंभ करीत. पुढे त्या क्रियापदाचेच नाम झाले. राहणे, सवय आणि वस्त्र या तीन गोष्टी एका लॅटिन मुळातून निघाव्यात याची गंमत वाटते. संस्कृतातही राहण्याचा ‘वस्’ आणि पांघरण्याचा ‘वस्’ असे दोन धातू एकाच रूपाचे आहेत. मात्र तेथे रूप एक असले तरी कुळे निराळी आहेत. तेव्हा त्या साम्यावरून कोणी घाईने सिद्धांत काढू नये.

सवय आणि वस्ती यांचे हे नाते ओळखले म्हणजे या क्रियापदाचा वापर कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही हे सहज समजते. ‘मी सदाशिव पेठेत राहतो’ याचे भाषांतर करताना ‘इनहॅबिट’ वापरले तर व्याकरण बिघडत नाही, पण ऐकणारा इंग्रज हसतो. एकटा माणूस, एक पत्ता, एक खोली यांच्यासाठी हे क्रियापद सहसा नसते. लोकसमूह, जमाती, पशुपक्षी, मासे, एखाद्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जीव यांच्यासाठी ते आहे. सुंदरबनात वाघ राहतात, खाडीत खेकडे राहतात, आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात, तेथे हे क्रियापद चपखल बसते. अलीकडे नाट्यसमीक्षक म्हणतात, की अमुक नटाने ती भूमिका ‘इनहॅबिट’ केली. त्याचा भाव असा, की नटाने भूमिकेचा अंगरखा वरून चढविला नाही. तिच्या सवयी त्याने आपल्याशा केल्या. तेथेही मूळ अर्थ शाबूत आहे.

बाकीच्या क्रियापदांचे क्षेत्र वेगवेगळे आहे. ‘स्टे’ म्हणजे मुक्काम करणे, पाहुणा म्हणून किंवा हॉटेलात उतरणे. आपल्याकडे आणि स्कॉटलंडमध्येही ‘तुम्ही कुठे राहता’ हे ‘स्टे’ वापरून विचारण्याची रीत आहे. परंतु इंग्लंडातील माणसाला असे विचारले तर तो आपल्या हॉटेलाचे नाव सांगेल. ‘रिझाइड’ हे अर्जाच्या नमुन्यातले, वकिलांच्या आणि कारकुनांच्या लेखणीतले क्रियापद. ‘ऑक्युपाय’मध्ये ताबा आहे. भाडेकरू जागा ‘ऑक्युपाय’ करतो, तशी फौजही मुलूख ‘ऑक्युपाय’ करते. आणि फौजेने व्यापलेला मुलूख तिचे घर होत नाही, हे वेगळे सांगावयास नको. ‘ड्वेल’चा इतिहास सर्वांत विचित्र. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाट चुकविणे, अडवून ठेवणे असा होता. त्यावरून रेंगाळणे, थांबणे असा अर्थ झाला आणि शेवटी राहणे. वाट चुकून थांबलेला माणूस तेथेच घर करून राहिला, असेच जणू तो शब्द सांगतो. आज बोलण्यात ‘ड्वेल’ फारसे उरलेले नाही. एखाद्या विषयावर रेंगाळणे या अर्थाने मात्र ते नित्य ऐकू येते.

मग ‘इनहॅबिट’ला मराठीत काय म्हणावे? शब्दकोशात ‘राहणे, वस्ती करणे’ असे मिळेल. परंतु ‘राहणे’ हे आपले फार ओढाळ क्रियापद आहे. पाहुणा चार दिवस राहतो, पुस्तक घरी विसरून राहते आणि पाऊस पडायचा राहतो. ‘वसणे’ अधिक जवळचे आहे. तथापि मराठीत आणखी एक क्रियापद आहे, ज्याच्या तोडीचे मला इंग्रजीत सापडत नाही. ते म्हणजे ‘नांदणे’. लेक माहेरी येते ती राहावयास आणि सासरी जाते ती नांदावयास. राहण्याला दिवसांची मोजणी असते, नांदण्याला नसते. नांदते घर, नांदते गाव असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे माणसे आहेत एवढेच सांगत नाही. चूल पेटते, गाईगुरे परततात, भांडणेही होतात आणि मिटतात, असे पुष्कळ काही एका शब्दात सांगतो.

आपल्या खेड्यांच्या जुन्या परिभाषेत याहूनही नेमके शब्द होते. गावची जमीन दोन प्रकारची : काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती घरांची. जेथे माणसे शेकडो वर्षे राहिली, तेथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणसारवण यांचे थर एकावर एक साचत गेले आणि मातीचा रंगच पालटला. दख्खनमध्ये प्राचीन वस्त्यांचा शोध घेणारे संशोधक आजही अशी पांढरीची टेकाडे हेरीत फिरतात. पुढे ‘पांढर’ या शब्दाने गावात राहणारी माणसेच ओळखली जाऊ लागली. माणसांनी जागा ‘इनहॅबिट’ केली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. जागा माणसांना धरते, आणि माणसे जागेचा रंग बदलतात.

आणि गाव उठून गेले तर? महसूलाच्या दप्तरात त्याला ‘बेचिराग’ म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. गावाची सीमा असते, नाव असते, सातबारा असतो, सारा वसूल होतो. फक्त संध्याकाळी दिवा लागत नाही. फारसीतून आलेला हा रुक्ष दप्तरी शब्द आहे. तरी ज्या कारकुनाने तो प्रथम लिहिला असेल, त्याला वस्तीचे मर्म कळले होते असे म्हणावे लागते.

येथे आपण या क्रियापदाच्या नकाराकडे येऊन पोहोचतो, आणि खरा प्रश्न येथेच आहे. इंग्रजीत या नकाराने पूर्वी मोठा घोटाळा केला. लॅटिनमध्ये ‘इन’ हा उपसर्ग ‘आत’ या अर्थी येतो, तसाच ‘न’ या अर्थीही येतो. त्यामुळे ‘इनहॅबिटेबल’ या एकाच विशेषणाचे ‘राहण्याजोगे’ आणि ‘राहण्यास अयोग्य’ असे दोन परस्परविरुद्ध अर्थ एकेकाळी चालत होते. शेक्सपियरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात तो शब्द ‘अयोग्य’ या अर्थाने आला आहे. पुढे गोंधळ टाळण्यासाठी ‘अन’ हा उघड नकार जोडून ‘अनइनहॅबिटेबल’ असा लांबलचक शब्द रूढ झाला. जेथे राहता येत नाही ते ‘अनइनहॅबिटेबल’ आणि जेथे कोणी राहत नाही ते ‘अनइनहॅबिटेड’. विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा. चंद्र पहिल्या प्रकारात मोडतो. नारळीच्या झाडांचे, गोड्या पाण्याचे पण निर्जन असे बेट दुसऱ्या प्रकारात.

परंतु बेट निर्जन आहे हे ठरवावयाचे कोणी?

१७६८ साली कॅप्टन जेम्स कुक दक्षिण समुद्राच्या सफरीवर निघाला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने त्याला गुप्त सूचना दिल्या होत्या. नवा प्रदेश आढळल्यास तेथील लोकांच्या संमतीने सोयीच्या जागा ताब्यात घ्याव्यात. किंवा प्रदेश ‘अनइनहॅबिटेड’ असेल तर राजाच्या नावाने तसाच ताब्यात घ्यावा, असा त्यांचा आशय होता. १७७० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर त्याची होडी लागत असताना दोन माणसांनी भाले उगारून तिला विरोध केला. तेथे माणसे राहतात हे कुकला दिसत होते. आपल्या रोजनिशीत त्याने त्यांच्याविषयी लिहूनही ठेवले. तरीही त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी, कोणाचीही संमती न घेता, त्याने सारा पूर्व किनारा राजाच्या नावाने जाहीर केला. १७८८ साली तेथे वसाहत सुरू झाली. आपल्या भाषेत ‘वसाहत’ हा शब्द चार घरांच्या आळीलाही लागतो आणि परक्याने बळकावलेल्या देशालाही लागतो, याची येथे आठवण होते.

पुढे एका जमिनीच्या दाव्यात, १८८९ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटले, की ब्रिटिश आले तेव्हा न्यू साउथ वेल्स हा प्रदेश जवळजवळ मोकळा होता आणि तेथे स्थायिक रहिवासी नव्हते. पाहा, ‘माणसेच नव्हती’ असे न्यायाधीश म्हणाले नाहीत. ‘स्थायिक’ हे एक विशेषण त्यांनी ‘रहिवासी’ या शब्दाच्या आधी ठेवले, आणि हजारो वर्षे त्या भूमीवर वावरलेले लोक त्या विशेषणाच्या पलीकडे राहिले. ते हिंडतात, घरे बांधीत नाहीत, कुंपणे घालीत नाहीत. म्हणजे ते ‘इनहॅबिट’ करीत नाहीत, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब पुसला जाण्यास शंभरांवर वर्षे लागली. टॉरेस सामुद्रधुनीतील मरे बेटावरच्या मेरियम लोकांपैकी एडी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दावा लावला. त्यांच्या पुराव्यात कोणत्या राजाची सनद नव्हती. बागायतीचे तुकडे होते, त्यांच्या हद्दी होत्या, आणि कोणाच्या आज्याकडून कोणाच्या बापाकडे कोणता तुकडा आला याची मुखोद्गत परंपरा होती. आपल्या कोर्टकचेऱ्यांतल्या मराठीत सांगावयाचे तर त्यांनी वहिवाट सिद्ध केली. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला आणि ती भूमी कोणाचीच नव्हती हा जुना समज अमान्य केला. स्वतः माबो मात्र तो निकाल ऐकावयास हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते.

‘वहिवाट’ हा शब्द मी हेतुपूर्वक वापरला. ‘मालकी’ कागदात असते, ‘कब्जा’ हातात असतो, आणि ‘वहिवाट’ रोजच्या जाण्यायेण्यात असते. ‘हाबेरे’पासून ‘हाबितारे’ झाले तेव्हा लॅटिन भाषेने जे केले, तेच मराठीने या शब्दात केले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या हिंदी महासागरातले, आणि काळाने अधिक जवळचे आहे. मालदीवच्या दक्षिणेस चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. दिएगो गार्सिया हे त्यातले सर्वांत मोठे बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे नारळाच्या लागवडीसाठी मोझांबिक आणि मादागास्कर येथून गुलाम आणले गेले. गुलामगिरी सुटल्यावर त्यांची मुलेबाळे तेथेच राहिली. काही हिंदी मजूरही त्यांत मिसळले. त्यांची स्वतःची क्रिओल बोली झाली. चर्च उभे राहिले, दफनभूमीत पिढ्यांवर पिढ्या विसावल्या. १९६५ साली ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडून एक निराळा प्रदेश निर्माण केला, कारण अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता, आणि तोही माणसांविना.

आता अडचण शब्दाची होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ७३ वे कलम सांगते, की अशा पराधीन प्रदेशांत तेथील रहिवाशांचे हित सर्वोपरी मानले पाहिजे. सनदेत जो शब्द आहे तो आपल्या क्रियापदाचेच नाम आहे, ‘इनहॅबिटंट’. एकदा त्या माणसांना ‘इनहॅबिटंट’ म्हटले की कलम लागू होते. तेव्हा लंडनच्या दप्तरांतून असे धोरण ठरले, की तेथे कायमचे रहिवासी कोणी नाहीत, आहेत ते करारावर आणलेले मजूर आहेत, असेच सांगावयाचे. १९६६ च्या एका सरकारी टिपणीत तर समुद्रपक्ष्यांखेरीज तेथे मूळचे कोणी उरणार नाही, अशा आशयाची थट्टाही आढळते. १९६८ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार माणसांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले. उपचारासाठी म्हणून मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले गेले. मागे राहिलेल्यांची पाळीव कुत्री मारून टाकण्यात आली. शब्द आधी बदलला. माणसे नंतर हलविली.

२००० साली लंडनच्या हायकोर्टाने त्यांना बेटांबाहेर ठेवणे बेकायदेशीर ठरविले; २००४ साली सरकारने नवे हुकूम काढून ती वाट पुन्हा बंद केली, आणि २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते हुकूम ग्राह्य धरले. २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले, की मॉरिशसला स्वातंत्र्य देताना ही बेटे तोडून काढणे बेकायदेशीर होते. कायद्याचा हा प्रवास लांबलचक आहे आणि त्याच्या साऱ्या वळणांत मी येथे शिरत नाही. मला एवढेच दाखवावयाचे होते, की ‘इनहॅबिटंट’ आणि ‘करारावरचा मजूर’ या दोन शब्दांमधले अंतर वर्गात अर्ध्या गुणाचे असते, आणि बाहेर ते एका समाजाच्या घरादाराचे असते.

श्रोतेहो, या चर्चेचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत अठराव्या शतकापासून ज्यांचे पूर्वज स्थायिक झाले, त्यांनाही तो चुकत नाही. विचारणारा बहुधा आपुलकीनेच विचारतो. परंतु ‘मूळ’ आणि ‘वास’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘इनहॅबिट’ हे क्रियापद मूळ विचारीत नाही. बाजारात तुम्ही कोणत्या बोलीत भाव करता, कोणत्या विहिरीचे पाणी प्यालात, तुमची माणसे कोणत्या मातीत गेली, एवढेच ते विचारते. आणि हा न्याय आपल्याला लागू करून घेताना तो आपल्या गावात चार पिढ्यांपूर्वी, दोन पिढ्यांपूर्वी, किंबहुना वीस वर्षांपूर्वी आलेल्या दुसऱ्या भाषेच्या शेजाऱ्यालाही लागू करावयास हवा. नाहीतर प्रिव्ही कौन्सिलप्रमाणे आपणही ‘रहिवासी’ शब्दाच्या आधी सोयीचे एखादे विशेषण ठेवीत आहो, असे होईल.

एक शेवटचे उदाहरण देतो आणि आपली रजा घेतो. गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातले कुर्डी ते हेच. साळावली नदीवर धरण झाले आणि दक्षिण गोव्याला पाणी देण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात हे गाव जलाशयाखाली गेले. सुमारे तीन हजार माणसांना दुसरीकडे जमिनी देऊन हलविण्यात आले. त्याला आपण ‘पुनर्वसन’ म्हणतो. या शब्दात ‘वस्’ धातू आहे. पुन्हा वसविणे असा त्याचा सरळ अर्थ. इंग्रजीत त्याच कामाला जो ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द आहे, तोही दूरच्या नात्याने ‘हाबेरे’पर्यंतच पोहोचतो, परंतु त्याच्या पोटात वसण्यापेक्षा पुन्हा समर्थ करणे हा अर्थ आहे. मराठी शब्दाने अधिक मोठे वचन दिले आहे, आणि म्हणून ते पाळणेही अधिक कठीण आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, पाणी ओसरते आणि कुर्डीची जमीन उघडी पडते. घरांची जोती दिसतात, वाळलेली खोडे दिसतात, रस्त्याची रेषा दिसते. मग जुने रहिवासी आपापल्या मुलानातवंडांना घेऊन तेथे जमतात. हिंदू सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त करतात. हे आमचे अंगण, ही विहीर, येथे शाळा, असे बोटाने दाखवितात. पाऊस लागला की पाणी चढते आणि पुन्हा वर्षभर काही दिसत नाही.

महसूलाच्या भाषेत हे गाव बेचिराग म्हणावे लागेल. इंग्रजी कोशाच्या भाषेत ते ‘अनइनहॅबिटेड’ आहे यात शंका नाही. व्याकरणाशी मला वाद घालावयाचा नाही. परंतु ‘हाबितारे’चा मूळ अर्थ पुनःपुन्हा धरणे असा आहे, हे आपण मघाशी पाहिले. जी माणसे दरवर्षी त्या चिखलातून चालत जातात, त्यांनी ते गाव अजून पुरते सोडलेले नाही.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनी परीक्षेत ‘इनहॅबिट’पुढे ‘इन’ लिहू नये. एकट्यादुकट्या माणसाच्या पत्त्यासाठी ते क्रियापद वापरू नये. आणि ‘अनइनहॅबिटेड’ हा शब्द वृत्तपत्रात, नकाशावर किंवा सरकारी जाहिरातीत आढळला, तर तो खरा आहे ना, एवढे एकदा विचारून पाहावे. पहिल्या दोन गोष्टींना गुण मिळतील. तिसरीला परीक्षक गुण देणार नाही. तरी ती करावी, असे मी माझ्या वर्गालाही सांगत असतो.